उद्यापनाचा सोमवार

"एकदा नीट आठव, मोहिनी. काय घेतलंस? कोणी दिलं?"

तिचे प्रशिक्षक दिनेश सर तिसऱ्यांदा विचारत होते. हातात चुरम्याची वाटी होती, चमचा तसाच उभा. विमलाबाईंच्या सोमवारांचं आज उद्यापन होतं. लेकीच्या, मोहिनीच्या गुडघ्यासाठी धरलेले सोमवार. त्या दिवशी अळणी खायचं आणि पायात चप्पल घालायची नाही. आता लेकीनं सोनं आणलं, म्हणून ते सुटत होते. पदक देव्हाऱ्यात महादेवाच्या शेजारीच ठेवलेलं होतं. त्याला हळदकुंकू लावलेलं, वर बेलाचं पान.

"काहीच नाही, सर," मोहिनी म्हणाली. "खोकल्याची गोळीसुद्धा मी तुम्हाला विचारून घेते."

ते खरंच होतं. पेठकडच्या पाड्यावरून ती नाशिकला आली, त्याला बरीच वर्षं झाली. मखमलाबाद नाक्याजवळच्या या एका खोलीत आईच्या हातचं सोडून तिच्या पोटात दुसरं काही जात नव्हतं. आठशे मीटरची शर्यत हीच तिची नोकरी आणि हाच तिचा संसार. मध्ये गुडघ्याने दगा दिला. डॉक्टर म्हणाले, आता पुरे. आणि मग या हंगामात गुडघा असा काही मोकळा झाला, की शेवटच्या वळणावर तिने सगळ्यांना मागे टाकलं. सर मैदानाच्या कडेला बसून लहान मुलासारखे रडले होते.

आज ते अगदी हळू बोलत होते. उत्तेजक चाचणीचा दुसरा नमुनाही तसाच आला. लघवीत स्टेरॉइड सापडलं. चार वर्षांची बंदी. तोवर तिची तिशी उलटेल, म्हणजे संपलंच.

"पण नकळत पोटात गेलं असेल, आणि ज्याने दिलं तो माणूस समितीपुढे येऊन सांगेल, तर शिक्षा बरीच खाली येते. तुला अजून पळता येईल. मला नाव हवंय, मोहिनी. ती वस्तू हवीय."

सरांचा फोन वाजला. ते जिन्यात गेले.

विमलाबाई शेगडीपाशी होत्या. त्यांच्या कानावर 'काय घेतलंस, कोणी दिलं' एवढंच आलं होतं. पदराला हात पुसत त्या लेकीजवळ आल्या. चेहरा उजळलेला होता.

"सर पुडीचंच इचारतात ना गं?"

"कसली पुडी?"

विमलाबाईंनी देवाच्या पाटाखाली हात घातला आणि कागदाची एक पुडी काढली. "बाजारातल्या वैदूची. गुडघ्यासाठी. रोज तुझ्या नागलीच्या पेजेत चिमूटभर घालते. तुला नाय बोलले. सांगून दिलं का औषधाचा गुण जातो. पोर पळतीय तवर कुणापाशी बोलू नको, असं बजावलंय त्यानं. पण सरांच्या दुसऱ्या पोरींचे बी गुडघे दुखत असतील ना! माझी जीभ लय वळवळतीय. सांगू का?"

मोहिनीला उमगलं, सर शोधताहेत ती वस्तू हीच. नुसतं नाव सांगून भागणार नव्हतं. आईला त्या लोकांसमोर बसावं लागणार होतं. काय घातलंत, का घातलंत, मुलीला का नाही सांगितलंत? आणि मग आईला कळणार होतं. इतके सोमवार केले, इतकं अनवाणी चालले, आणि लेकीचं पळणं माझ्याच हातांनी बंद केलं.

"तू काही बोलू नकोस, आई. मी बोलते."

ती जिन्यात गेली आणि मागे दार ओढून घेतलं.

"सर, मीच घेतलं. गुडघ्यासाठी. माहीत असून घेतलं."

सरांनी फोन खिशात टाकला. "मलाही सांगितलं नाहीस?"

"नाही."

"मग आता माझ्या पोरींसमोर मैदानावर येऊ नकोस," ते म्हणाले. "आणि पदक परत द्यावं लागेल."

"देते. आईला काही सांगू नका, सर. एवढंच."

आत येऊन ती म्हणाली, "आई, पदक दे. सर त्यावर माझं नाव कोरून आणणार आहेत."

विमलाबाईंनी बेलाचं पान अलगद बाजूला केलं. पदक कोऱ्या खणात गुंडाळलं आणि दोन्ही हातांनी सरांपुढे धरलं. "देवाजवळचं हाय. सांभाळून न्या."

सरांनी ते घेतलं. डोळे पुसले आणि जिना उतरले. चुरम्याची वाटी तशीच राहिली होती.

"माणूस लय हळवा," विमलाबाई म्हणाल्या. "पदकाच्या दिवशी बी असाच रडला व्हता ना?"

"हो."

मग त्यांनी वाटीत पेज काढली. आज पाठ न फिरवता, लेकीच्या देखतच तीत चिमूटभर पूड ढवळली. "आता तुला ठावंच झालंय, तर काय लपवायचं!"

मोहिनीने वाटी तोंडाला लावली आणि शेवटच्या घोटापर्यंत प्याली.

"सरांना पुडीचं सांगितलंस का गं?"

"नाही, आई."

विमलाबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि देव्हाऱ्याकडे वळून हात जोडले.

"बरं केलंस, बाय. सांगितलं असतंस तर गुण गेला असता. अजून लय पळायचंय तुला."