ओट्याची उंची

“छत्तीस इंच,” वनमाला म्हणाली.

भागवतने टेप पुन्हा भिंतीला लावून पाहिली. बिल्डरचा हा सुपरवायझर प्रत्येक घरच्या बाईला ओट्याच्या जागी उभं करी, हात कोपरात वाकवायला लावी आणि त्याच्या चार-पाच इंच खाली पेन्सिलीने रेघ मारी. वनमालाची रेघ मारून झाली होती.

“वहिनी, तुमाला एकतीस बरोबर हाय. छत्तीसवर पोळ्या लाटायच्या तर पाटावर उभं ऱ्हावं लागंल.”

“राहीन.”

तिच्या नवऱ्याला, अंगदला हसू आलं. “अगं, शेगडी एवढी वर आल्यावर कढईत काय शिजतंय तेबी दिसायचं न्हाई तुला.”

“वासावरून कळतं.”

अंबाजोगाईच्या बाहेर रो-हाउसची रांग उभी राहत होती, त्यातलं चौथं त्यांचं. अंगद कॉलेजात लॅब असिस्टंट होता. आठ वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढल्यावर हे घर. खिडक्यांच्या जाळ्या, गिझरची लाइन, भिंतीतली कपाटं, प्रत्येक गोष्टीला जादा पैसे पडत होते. महिनाभर घासाघीस केल्यावर बिल्डरने एक बदल, फक्त एक, फुकट करून द्यायचं कबूल केलं होतं.

तो बदल अंगदने मनाशी धरून ठेवला होता: पूर्वेच्या भिंतीत संगमरवरी देवघर. वनमाला रोज पहाटे अंघोळ करून समई लावी, पोथीचा एक अध्याय वाची, मगच चहा. आठ वर्षं तिचे देव लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात बसले होते.

“ओटा वर घेतला की खिडकीबी वर घ्यावी लागती,” भागवत म्हणाला. “म्हंजी तुमचा फुकटचा बदल तिथंच संपला. उद्या सकाळी गवंडी येतो. एकदा ग्रॅनाइट बसलं की मग हालायचं न्हाई. आत्ताच सांगा.”

“ओटाच,” वनमाला म्हणाली.

“आन् देवघर?” अंगदचा आवाज उतरला.

“देव कपाटात बसतील. त्यांची तक्रार नाही.”

“पण कावून? कुणासाठी एवढा उंच ओटा?”

उत्तर तिने पहाटेच तयार ठेवलं होतं. “संस्कृतीसाठी. पोरगी दुसरीत हाय अन् आत्ताच माझ्या खांद्याला लागती. तुमच्यावर गेलीय. पाच फूट पाच तरी भरंल.”

“आन् ती सासरला जाईल तवा? ओटा डोक्यावर घिऊन जाईल व्हय?”

भागवत खो-खो हसला. वनमालाही हसली, आणि हसता हसता भिंतीला हात लावून सिमेंटच्या पोत्यांवर बसली.

“उपास कमी करा वहिनी. लई वाळलात.”

“सांगा तुमीच,” अंगद म्हणाला. “सोमवार झाले, आता गुरुवार धरलेत. मधी चतुर्थी. सगळे ब्लाउज सैल व्हायलेत.”

“नवस हाय एक. फिटला की सोडते.” तिने पदर सावरला. “लिहा हो भाऊ. छत्तीस.”

अंगदने पूर्वेच्या कोऱ्या भिंतीवरून हात फिरवला. मग म्हणाला, “जादा पैसे भरून करू देवघर. बघतो मी कुठून तरी.”

“नको. ते पैसे राहू द्या. लागतील.”

भागवतने एकतीसची रेघ बोटाने पुसली, वर दुसरी मारली आणि वहीत लिहून अंगदची सही घेतली. सही झाल्यावर वनमालाने डोळे मिटून हात जोडले.

“देवीला जाऊन येते,” ती म्हणाली. अंगदने तिला गाडीवरून देवळाच्या कोपऱ्यावर सोडलं आणि तो कॉलेजला गेला. तिने बाहेरूनच कळसाला नमस्कार केला आणि रिक्षाने मेडिकलच्या सरकारी दवाखान्यात गेली.

रांगेत तासभर गेला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी फाइल उघडली, पुन्हा मिटली.

“आज तरी नवऱ्याला आणायचं होतं. तुम्ही मागच्या वेळी कबूल केलं होतं.”

“आणते. घराचं एक काम अडलं होतं, ते आज झालं.” वनमालाने आवाज आणखी खाली आणला. “बाई, वास्तुशांत अक्षय तृतीयेला धरलीय. तोवर मी पाटावर बसू शकीन का?”

डॉक्टरीणबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. “त्याच्या अलीकडचा मुहूर्त बघा,” त्या म्हणाल्या.

बाहेर कडुलिंबाखाली ती कट्ट्यावर बसली. मग फोन काढून तिने युसूफ वडगावला माहेरी आईला लावला. छबुबाईंनी पहिल्याच रिंगला उचलला.

“वनू! तुलाच लावणार हुते बघ. केजवाल्यांचा होकार आलाय. बबिताला पसंत केलं त्यांनी. पोरगी अंगानं उंच, पोराच्या बराबरीला लागती, म्हणून धाकधूक हुती मला. पण पोरगाच म्हणला, मला अशीच पायजे.”

“बबिता काय म्हणती?”

“ती काय म्हणंल? दोन दिस झाले, गुणगुणत भांडी घासायलीय. तुमा बहिणींत धाकटी म्हणून लाडाची, पण एवढी खूश मी तिला कधी बघितली न्हाई. तू कवा येतीस? बस्ता बांधायला तूच पायजेस.”

वनमालाने फाइल मांडीवर पालथी ठेवली.

“माय, त्यांना न्हाई म्हणून कळव.”

“अगं, कावून? काय खोट हाय पोरात?”

“पोरात खोट न्हाई,” वनमाला नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाली. “पण माझ्या संस्कृतीला परकी आई नको.”