एक भारा सळ्या

"भारा उचलायचा आणि नुसता धरून ठेवायचा?" क्रेनवाल्याने विचारलं.

"गाड्या पुलावरून जाईपर्यंत. मग खाली." इंजिनिअरने आज इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तो एका जागी उभा राहत नव्हता. "देशाला कर्ज देणारी माणसं आहेत. त्यांना काम चालू दिसलं नाही, तर पुढचा हप्ता अडकेल."

"हप्ता आला तर आपले पगार निघतील?"

"आधी जुन्या कर्जाचं व्याज. उरलं तर सिमेंट. मग तू आणि मी." इंजिनिअर हसला, पण ते हसू टिकलं नाही. त्याचाही पगार थकलेलाच होता. बडा घर पोकळ वासा, आणि आज तर वाशांनीच घराला टेकू द्यायचा होता.

सरकारी रुग्णालयाचं हे बांधकाम चौथ्या मजल्यावर थांबून वर्ष होत आलं होतं. क्रेनवाला रोज येऊन क्रेनचं तेलपाणी बघायचा आणि जाताना फिरण्याचा ब्रेक मोकळा सोडायचा. मग वारा येईल तिकडे क्रेन वळायची, उन्मळून पडायची नाही. बायकोला हे ठाऊक होतं. घराच्या गच्चीवरून तिला क्रेन दिसायची. नुसती फिरली तर वारा, आकड्याला ओझं असलं तर काम.

परदेशात असलेल्या तिच्या भावाने तिथल्या एका क्रेनवर याच्यासाठी जागा धरून ठेवली होती. "दादाला दुपारच्या आत उत्तर हवंय," ती सकाळी म्हणाली होती. "रांगेत दुसरा उभाच आहे म्हणे. तुम्ही साहेबांना एकदाचं विचारून फोन करा. इथलंच सुरू होणार असेल, तर मी त्याला लगेच 'नाही' म्हणून कळवते. कशाला उगाच परमुलखात जायचं?"

व्याज, सिमेंट, मग आपण. शिडी चढता चढताच त्याचा निर्णय झाला. खाली उतरलो की घरी फोन करायचा, 'हो सांग' म्हणायचं. फोन नियमाप्रमाणे खाली कपाटात होता. वर फक्त वॉकीटॉकी.

केबिनमध्ये त्याला बसवेना. पुलावर काळ्या गाड्या दिसल्या तसा त्याने भारा उचलला. सळ्या हळूहळू वर आल्या, उन्हात चमकल्या. गाड्यांचा वेग कमी झाला. एक काच खाली झाली.

सवयीने त्याने घराकडे पाहिलं. बायको गच्चीवर कपडे वाळत घालत होती. तिचे हात थांबले. ती कठड्याशी आली, क्षणभर क्रेनकडे बघत राहिली आणि तिने फोन कानाला लावला.

त्याने वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "साहेब, भारा खाली घेतो!"

"वेडा झालास का? फोटो काढतायत ते!"

"घरी फोन करायचाय साहेब. आत्ताच्या आत्ता."

"अरे, जरा कळ काढ."

गच्चीवर बायकोने फोन खाली घेतला. दोरीवरचा ओला टॉवेल ओढून ती तो दोन्ही हातांनी हलवू लागली. इतक्या आनंदात त्याने तिला कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

"गेल्या गाड्या! फत्ते!" वॉकीटॉकी खरखरला. "ठेव आता भारा, होता तिथंच."