घरचंच काम

दादाने कटरचं टोक कडेखाली घातलं आणि जमिनीवरची व्हिनाइलची शीट काही कुरकुर न करता वर आली. जोर लावायला त्याने गुडघा टेकला होता, तो उगाचच. चांगली चिकटलेली शीट उपटायची म्हणजे घाम निघतो. ही आपली गादीवरची चादर ओढावी तशी हातात आली.

"बघा, बघा," पलंगावरून बहिणीच्या सासूबाई म्हणाल्या. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. पण जिभेला कुठे प्लास्टर असतं! "बादलीभर पाणी ओतून पुसते ही. कितीदा सांगितलं, फडकं पिळून घे. ऐकेल तर शपथ! सुटली शेवटी कड, आणि अडखळून पडलं कोण? मी!"

'ही' म्हणजे दादाची धाकटी बहीण, चिमी. ती दाराशी उभी होती. पडल्यापासून सासूबाई तिच्याशी सरळ बोलत नव्हत्या. काय हवं-नको ते भिंतीला सांगायच्या. चिमी सगळं मुकाट्याने ऐकून घ्यायची, कारण तिलाही ते खरंच वाटत होतं.

दादाने शीट उलटी केली.

पाठ कोरी होती. गमाचा एक डाग नाही. खाली जमिनीवर गम मात्र जसाच्या तसा उभा, दातेरी थापीच्या रेघा अगदी विंचरल्यासारख्या. त्याने बोट दाबलं. खडखडीत. पाणी शिरलं असतं तर गम पांढरा पडला असता, भिजून बोटाला लागला असता. इथे पाण्याचा थेंबही पोचला नव्हता. गम वाळून गेल्यावर कुणीतरी त्यावर नुसती शीट अंथरली होती. कुणीतरी कशाला, यानेच!

आठवायला डोकं खाजवावं लागलं नाही. त्या दिवशी गम पसरून झाला आणि फोन आला, मोठ्या कामाचा. हा गॅलरीत जाऊन बोलत बसला तो बसलाच. परत आला तेव्हा गम बोटाला चिकटेना. खरवडून पुन्हा लावायला हवा होता. पण डबा संपलेला, दिवस कलायला आलेला. जाऊ दे, घरचंच तर काम आहे, म्हणून त्याने शीट टाकली आणि वरून दाबून मोकळा झाला. परक्याच्या घरी त्याची अशी छाती झाली नसती. तिथे निमूट खरवडलं असतं, नवा डबा आणला असता, वर उशिराबद्दल माफीही मागितली असती. सख्ख्या बहिणीकडे मात्र चालून जातं! त्याला स्वतःचीच शिसारी आली.

"काय झालं रे?" चिमी त्याच्याजवळ येऊन बसली.

"चिमे, हे पाण्यानं नाही सुटलेलं," तो अगदी हळू बोलला. "माझ्यामुळं सुटलंय. गम वाळल्यावर शीट टाकली मी." तिचा हात धरून त्याने त्या रेघांवरून फिरवला.

तिने रेघांवरून पुन्हा एकदा स्वतःच बोट फिरवलं. मग तिचे डोळे भरून आले. "म्हणजे इतके दिवस मी उगाच... अरे, रात्ररात्र झोप नाही मला, दादा. म्हातारीचा हात मोडला माझ्यामुळं, म्हणून."

"सांगतो मी त्यांना. आत्ताच्या आत्ता सांगतो." तो उठायला लागला.

चिमीने त्याची बाही धरली. अशी धरली, की शिवण उसवायचीच काय ती बाकी राहिली. "खाली बस."

"अगं, पण विनाकारण तुझ्यावर आळ..."

"माझी चूक आहे तोवर चार दिवस बोलतील, हात बरा झाला की विसरतील. तुझी कळली ना, तर मला जन्मभर ऐकवतील. या घरात मी एकाच गोष्टीची फुशारकी मारते, माझ्या दादाच्या हाताला तोड नाही. तेवढी तरी राहू दे मला."

दादाला वाटलं, हिने कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

"काय कुजबुज चाललीय बहीणभावांची?" सासूबाई उशीवरून उठून बसल्या. "अहो भाऊ, तुम्ही यातले जाणकार. खरं काय ते सांगा. बहीण आहे म्हणून पाठीशी घालू नका हं. पाण्यानंच सुटली ना?"

दादाने चिमीकडे पाहिलं. ती खाली मान घालून जमिनीवरचा गम खरवडायला लागली होती, त्याच्याच पात्याने, भराभर, एकेक रेघ.

"हो, मावशी," तो म्हणाला. "पाण्यानंच."

"तरी मी म्हणत होते!" सासूबाईंचा चेहरा खुलला. "बघा, सख्खी बहीण, पण खोटं बोलला नाही हो. माणूस असावा तर असा."