वळणावरचा फोटो

हरिभाऊंनी तिसरा कॅमेरा तळहातावर घेतला, क्षणभर तोलला आणि काउंटरवर परत ठेवला.

"जड आहे."

झाशीच्या दतिया गेटजवळच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या त्या दुकानात ते अर्ध्या तासापासून उभे होते. शेजारी त्यांची नात, पंधरा वर्षांची वसुंधरा. दुकानदार नगरा वस्तीतल्या या रेल्वेच्या रिटायर गार्डसाहेबांना ओळखून होता. वय झालं, मनगट दुखत असेल, अशी त्याने आपली समजूत करून घेतली.

घाई रविवारची होती. लक्ष्मी ताल या तलावाच्या काठावर रिमोटवर उडणाऱ्या विमानांचा मेळावा होता. लखनौच्या स्पर्धेला झाशीच्या मंडळातून पाचजण जाणार होते आणि त्यातले चौघे आधीच ठरले होते. पाचव्या जागेसाठी चिटणीस दत्तात्रेयजींनी अट घातली होती. प्रत्येकाने आपल्या विमानाचा, त्याच दिवशी उडताना काढलेला एक फोटो द्यायचा. विमान हवेत कसं वागतं, ते फोटोत दिसलं पाहिजे. वसुंधराचं विमान थर्माकोलचं होतं, तिने स्वतः कापून चिकटवलेलं. "हा तर खिलौना आहे, बेटा," असं दत्तात्रेयजी तिच्या तोंडावर म्हणाले होते. त्या दिवसापासून ती ताटावरून अर्धपोटी उठत होती.

"आजोबा, यज्ञेश्वर भैयाकडे तो इतना लंबा लेन्स आहे," वसुंधरा म्हणाली. तिची मराठी नेहमी अशीच अर्ध्या वाटेत हिंदीला भेटायची. "आपण पण झूमवाला घेऊ ना."

"झूम लांब उभं राहणाऱ्याला लागतो," हरिभाऊ म्हणाले.

दुकानदाराने खालच्या कप्प्यातून एक चपटा डिजिटल कॅमेरा काढला. पत्त्यांच्या कॅटाएवढा. मागचा पडदा फुटून काळा पडलेला, झूम अडकलेला. "बाबूजी, इसमें फोटो दिखेगा नहीं," तो ओशाळून म्हणाला.

हरिभाऊंनी बटण दाबून धरलं. कॅमेरा खट, खट करत फोटो काढत राहिला. वीस खटके मोजून झाल्यावर त्यांनी बोट उचललं. मग समोरच्या फळवाल्याकडे जाऊन कॅमेरा चक्क तराजूत घातला. दोन पेरूंना पारडं समसमान झालं.

"हाच."

मिठाईच्या एका डब्याच्या किमतीत कॅमेरा मिळाला. मेमरी कार्ड मात्र त्यांनी दुकानातलं सगळ्यात मोठं घेतलं. ते कॅमेऱ्याहून महाग पडलं. फळवाल्याकडून दोन पेरू घेतले आणि पिशवी बांधायचं रबर मागून घेतलं. वाटेत चिंचेखाली पडलेला एक चिंचोका उचलला, कॅमेऱ्याच्या बटणावर ठेवून पाहिला आणि खिशात टाकला.

वसुंधरा पाय ओढत मागून येत होती. तो फुटका कॅमेरा पाहून, त्याच पाचव्या जागेसाठी उतरणारा यज्ञेश्वर काय म्हणेल, हे तिला आत्ताच ऐकू येत होतं.

"गाडी कशी चाललीय, हे फलाटावरून कळतं का गं?" हरिभाऊंनी विचारलं.

हे तिने शंभरदा ऐकलं होतं. तरी तिने मान हलवली.

"फलाटावरून नुसती धूळ दिसते. मी तीस वर्षं शेवटच्या डब्यात बसलो. वळण आलं की बाहेर डोकावायचं. इंजिनापासून सबंध गाडी डोळ्यांपुढे." मग ते म्हणाले, "रविवारी तालावर वळण मोठं घे."

वसुंधरा चालता चालता थांबली. आजोबांच्या तोंडाकडे पाहत राहिली. त्या दिवशी घरी पोचल्यावर ती चार पोळ्या जेवली.

रविवारी काठावर कॅमेऱ्यांची रांग लागली होती. यज्ञेश्वरने आपली लांबलचक लेन्स तिवईवर चढवली होती. वसुंधराने चादरीत गुंडाळलेलं विमान उराशी धरून आणलं आणि ती थेट मैदानाच्या पलीकडच्या टोकाला गेली. हरिभाऊ रांगेच्या कडेला एका दगडावर बसले. त्यांच्या हातात काहीच नव्हतं.

"गार्डसाहब, कॅमेरा घरी विसरलात, की दुकानदाराला दया येऊन त्याने परत घेतला?" यज्ञेश्वरने विचारलं. रांगेत हसू पसरलं.

"आणलाय," हरिभाऊ म्हणाले. "आपल्या जागी आहे."

वसुंधराचं विमान जमिनीवरून उशिरा उठलं. नेहमीपेक्षा जड वाटत होतं. ते आता पडणार, असं कुणीतरी म्हणालं. तो क्षण कुणालाच चुकवायचा नव्हता. रांगेतले सगळे कॅमेरे वर झाले. पण विमान डुलत डुलत चढलं, सावरलं, देवळाच्या बाजूने तालावर गेलं आणि डावा पंख झुकवून त्याने मोठं वळण घेतलं. हरिभाऊ दगडावरून उठले आणि दोन्ही हात हलवू लागले. म्हातारा खुळावला, असं लोकांना वाटलं.

विमान अलगद उतरलं. वसुंधराने धावत जाऊन ते लगेच चादरीत गुंडाळलं.

संध्याकाळी छापलेले फोटो दत्तात्रेयजींच्या टेबलावर मांडले गेले. बहुतेकांत मोकळं आकाश आणि त्यात माशीएवढं विमान. एकात नुसतं शेपूट. यज्ञेश्वरचा फोटो स्वच्छ होता, पण विमान दोऱ्याला टांगल्यासारखं दिसत होतं. शेवटचा फोटो दत्तात्रेयजींनी उचलला आणि खाली ठेवलाच नाही. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हा कोणी काढला?"

"वसुंधराचा आहे तो," यज्ञेश्वर म्हणाला. "पण गार्डसाहब तर दिवसभर रिकामे बसले होते. मी पाहिलंय ना."

दत्तात्रेयजींनी आधी यादीत पाचवं नाव लिहिलं, वसुंधराचं. मग फोटो सगळ्यांपुढे धरला.

फोटोत पुढे गरगरणारा पंखा होता. दोन्ही बाजूंना थर्माकोलचे पांढरे पंख, डावा झुकलेला. त्याच्या खाली, खोल, लक्ष्मी ताल आणि देवळाचा कळस. काठावर मुंग्यांएवढ्या माणसांची रांग, प्रत्येकाचा कॅमेरा वर रोखलेला. आणि रांगेच्या कडेला, रिकामे हात हलवणारे हरिभाऊ.