खांद्यावरचा हात

योगिताने आणखी एका नवरीला डोक्यावर उभं केलं आणि माउस हातात घेतला.

ही तिची कामाची पद्धत. फोटो उलटा केला की चेहरा दिसत नाही, नुसत्या कडा दिसतात. कान, केस, पदर. मग मागचा पडदा, पाहुणे, खुर्च्या सगळं सफाईने कापता येतं. चेहरा सुलटा असला की माणूस बघत बसतं आणि हात चुकतो. ग्रुपमधला चेतन तिला खाटीक म्हणायचा. तिला ते आवडायचं.

कॉलेजचं ग्रुप प्रोजेक्ट होतं, खऱ्या कार्यक्रमाचं पोस्टर, खऱ्या ग्राहकासाठी. चेतनचा मामा डिंडोलीतल्या समाज मंडळाचा सेक्रेटरी. मंडळाचे सामूहिक विवाह महिन्याभरावर आलेले. सगळ्या जोड्यांचे फोटो आणि नावं असलेलं मोठं बॅनर चौकात लावायचं होतं. मामा फोटो पाठवायचा, योगिता कापायची, विशाखा खाली नावं टाकायची, चेतन मांडणी करायचा. ग्रुपमध्ये कोण कोण आहे याच्याशी मामाला देणंघेणं नव्हतं. संध्याकाळी फाइल फ्लेक्सवाल्याकडे गेली पाहिजे, एवढंच त्याचं टुमणं.

विशाखाचे वडील रेल्वेत, बदली होऊन आलेले, तिला या समाजातल्या रीती ठाऊक नव्हत्या. लग्नाला अजून वेळ आहे तर एवढी घाई कसली, असं तिने विचारलं. चेतन हसला. म्हणाला, चौकात बॅनर चढलं की शब्द दिला गेला, मग कोणी मागे फिरत नाही. मागच्या वर्षी एक पोरगी ऐनवेळी नाही म्हणाली, तेव्हापासून मामा बॅनर आधीच चढवतो. आणि बॅनर चढल्यावर कोणी नाही म्हणाली तर, विशाखाने विचारलं. तर बापाला समाजात तोंड दाखवायला जागा राहत नाही, चेतन म्हणाला, आणि मग घरात त्या पोरीचं काय होतं ते विचारू नको.

योगिताने हे अर्ध्या कानाने ऐकलं. ही नवरी भलतीच किचकट निघाली होती. फोटो कुठल्या तरी समारंभातून कापलेला, अंधारा. रंग सावळा. सगळ्या नवऱ्या उजळ करा, अशी मामाची सूचना होती. योगिताने केली उजळ. खांद्यावर शेजारच्या बाईचा हात राहून गेला होता, बोटं घट्ट धरलेली. तो काढताना तिचा जीव मेटाकुटीला आला. शेवटी दुसऱ्या खांद्यावरचा पदर आणून तिथे चिकटवला. काम असं झालं की कुणाच्या बापाला कळलं नसतं.

मग नवरदेव. त्याचे गुटख्याने लाल झालेले दात तिने पांढरे केले, कानाजवळचे पिकलेले केस काळे केले.

मध्येच आईचा, कलाबाईचा, फोन आला. योगिताने कापला. कलाबाई गेले काही दिवस तिचं डोकं खात होती. छापायला कधी जाणार? गेल्यावर बदलता येतं का? फोटो तूच बघतेस ना? दिवसभर घरात बसून साड्यांवर टिकल्या चिकटवणाऱ्या बाईला पोस्टरचं एवढं काय? लेकीचं कौतुक असेल, योगिताला वाटलं. पण विचारायची ती निंबा, म्हणजे योगिताचा बाप, मिलमध्ये गेल्यावरच. बापाला कॉलेजातलं काही सांगायची घरात पद्धत नव्हती. बॅनर आपली पोरगी करतेय हे त्याच्या गावीही नव्हतं. आज सकाळी भाकरी थापताना कलाबाई पुन्हा तेच विचारायला लागली, तोच निंबा आत आला. ती एकदम गप्प झाली. तव्यावरची भाकरी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं. योगिताला तेव्हा हसू आलं होतं.

"योगिता." विशाखाची बोटं कीबोर्डवर थांबली होती. "तुझ्या वडिलांचं नाव निंबा ना?"

"हो. का?"

विशाखाने आपली स्क्रीन थोडी वळवली. चेतनने वाकून तिच्या स्क्रीनवरचं नाव वाचलं आणि मग तो योगिताकडे बघेना.

योगिताने फोटो सुलटा केला.

ती स्वतःच होती. मावसबहिणीच्या साखरपुड्यातली, निळ्या साडीतली, आणि जन्मात कधी नव्हती इतकी गोरीपान. तिच्या जोडीला पांढऱ्या दातांचा, काळ्या केसांचा तो नवरदेव, तिनेच तरुण केलेला. कुणी तिला विचारलं नव्हतं. घरात कुणी चकार शब्द काढला नव्हता. आज छापलं असतं, उद्या चौकात चढलं असतं, आणि कॉलेज, डिग्री, सगळं तिथेच संपलं असतं.

तिने केलेलं काम एकेक करून मागे घेतलं. रंग सावळा झाला. चिकटवलेला पदर गेला. खांद्यावर हात परत आला. मनगटावर हिरवं गोंदण, नखांत सुकलेला डिंक. उलटा होता म्हणून तिने ओळखला नव्हता. रोज तिला जेवायला वाढणारा हात, तिनेच कापला होता.

चेतनच्या खिशात मामाचा फोन वाजत राहिला. त्याने उचलला नाही. फाइल पाठवायची तेवढी बाकी होती.

मग योगिताचा फोन वाजला. या वेळी तिने उचलला. कलाबाई गच्चीवर गेली असावी, फोनमध्ये वारा शिरत होता. ती अगदी दबक्या आवाजात बोलली.

"माय, छापाले गयं नही ना आजून?"