रिकाम्या खोलीचं चित्र

चित्रदालनातल्या गाइडबाई प्रत्येकाला त्या चित्रापाशी थांबवून विचारायच्या, "काय दिसतं?" चित्रात नुसती रिकामी खोली आणि एक बंद दार होतं, गोष्ट ज्यानं त्यानं रचायची.

सकाळी एक आजोबा म्हणाले, "ही बाई कुणाची तरी वाट बघतेय."

गाइडबाईंना हसू आलं. चित्रात कुणीच नव्हतं.

दुपारी एक मुलगी म्हणाली, "हिला बाहेर पावलं ऐकू आलीत."

मग एकजण पुटपुटला, "दार दाबून धरलंय बिचारीनं."

गाइडबाईंनी चित्र पुन्हा निरखून पाहिलं; खोली रिकामीच होती. त्यांनी फोन करून नवऱ्याला बोलावून घेतलं. चित्र पाहताच तो पांढराफटक पडला.

"काय दिसतं? सांगा ना!"

शेजारी उभ्या बायकोकडे त्यानं वळूनही पाहिलं नाही. चित्राकडे बघत तो ओरडला, "अगं, दार सोडू नकोस!"