वाकडी टीप

शिवणकाम शिकवताना सासूबाईंनी सुनेचं कधी म्हणून कौतुक केलं नाही. डोळ्यांत तेल घालून त्या प्रत्येक शिवण पाहायच्या आणि एवढंच म्हणायच्या, "उसव." सून आधी रडली, मग धुसफुसली, आणि शेवटी मुकाट्याने उसवता उसवता तिचा हात बसला.

आज घाईघाईत कॉलरवरची टीप चांगलीच वाकडी गेली. ते तिला मशीनवरच दिसलं होतं, तरी सवयीने तिने शर्ट सासूबाईंपुढे धरला. त्यांनी तो खिडकीशी नेला, कॉलर उलटसुलट करून पाहिली.

"शाब्बास गं. सुतासारखी सरळ आलीय."



सुनेने नवऱ्याला फोन लावला. "अहो, आईंना आजच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला हवं."